पाट्या, अर्ज आणि एक टेकडी : १९१८ च्या जर्मन अमेरिकेत सात दिवस

मार्ग असा: ओहायोतल्या सिनसिनाटीत उतरायचं, तिथून सेंट लुई, मिसिसिपी ओलांडून कॉलिन्सव्हिल, मग उत्तरेला आयोवातलं डॅव्हेनपोर्ट, मिनेसोटातलं न्यू उल्म आणि लव्हर्न, आणि शेवटी नेब्रास्कातलं हॅम्प्टन. गावातली फिराफिर धरून साधारण १,५०० मैल, म्हणजे २,४०० किलोमीटर. गाडी सिनसिनाटीला घेऊन ओमाहाला सोडायची. दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचा आकार वेगळा लागतो आणि तो बुकिंग करतानाच विचारून घ्यावा, नाहीतर शेवटच्या दिवशी बिल बघून डोळे फिरतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. सुरुवात मंगळवारी करावी. मधली संग्रहालयं सोमवारी बंद, न्यायालय शनिवार-रविवारी बंद, आणि मंगळवारी निघालं की दोन्ही अडचणी टळतात.

बघायचं काय, हे आधी ठरवून घेतलेलं बरं, कारण या मार्गावर स्मारकं जवळजवळ नाहीत. अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला पहिल्या महायुद्धात उतरली. १९१० च्या जनगणनेत जर्मनीत जन्मलेले रहिवासी २० लाखांहून अधिक होते आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं धरली तर आकडा ८० लाखांपुढे जात होता. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वानऊ कोटी. एवढ्या मोठ्या समाजाला दीड-दोन वर्षांत गप्प बसवलं गेलं. सरकारी वटहुकूम, नगरपालिकेचे ठराव, पोलीस चौकीतले अर्ज, फोनच्या तारा यांतून ते झालं, आणि झुंडीनेही झालं. त्यामुळे इथे रस्त्याच्या पाट्या आणि कागद वाचायचे असतात.

पहिला दिवस, मंगळवार : सिनसिनाटी

विमानतळ सिनसिनाटीचा म्हणवतो, पण आहे नदीपलीकडे केंटकी राज्यात. शहरात आल्यावर गाडी एकदा पार्किंगला लावून टाकावी. नदीकाठापासून फिंडले मार्केटपर्यंत ट्राम फुकट आहे आणि आजचा सगळा भाग तिच्या वर्तुळात येतो.

भागाचं नाव ‘ओव्हर द ऱ्हाइन’. शहराच्या मध्यातून मायामी-ईरी कालवा जायचा. त्याच्या उत्तरेला जर्मन वस्ती, म्हणून कालवा ओलांडून जाणं म्हणजे ऱ्हाइन ओलांडणं, अशी थट्टा होती. कालवा आता नाही. तो बुजवून १९२० च्या दशकात त्याच्यावर सेंट्रल पार्कवे झाला. खाली भुयारी रेल्वेचे बोगदे खणले गेले आणि त्यांतून एकही गाडी कधी धावली नाही. सेंट्रल पार्कवेवर उभं राहून एक नियम आठवावा. १६ नोव्हेंबर १९१७ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार नागरिकत्व न मिळालेल्या जर्मनाला कालवे, गोद्या, धक्के आणि रेल्वे टर्मिनल यांच्या १०० यार्डांच्या आत यायला मनाई होती. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, मोठ्या माणसाची सव्वाशे पावलं. दारूगोळ्याचे कारखाने आणि लष्करी ठाणी यांच्याभोवती अर्ध्या मैलाची बंदी आधीपासून होतीच. पार्कवेपासून उत्तरेला सव्वाशे पावलं मोजली की किती घरं मागे पडतात, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

तिथून रेस आणि व्हाइन या दोन रस्त्यांच्या मधली अरुंद गल्ली शोधायची: रिपब्लिक स्ट्रीट. हिचं जुनं नाव ब्रेमेन स्ट्रीट. ९ एप्रिल १९१८ ला नगरपरिषदेने एका झटक्यात १३ रस्त्यांची नावं बदलली. बर्लिन स्ट्रीटचा वुड्रो स्ट्रीट झाला, बिस्मार्कचा माँट्रियल, हॅम्बुर्गचा स्टोनवॉल, हुम्बोल्टचा टाफ्ट रोड. जर्मन स्ट्रीटचं तर इंग्लिश स्ट्रीट करून टाकलं. हुम्बोल्ट हा निसर्गशास्त्रज्ञ, कैसरशी, म्हणजे जर्मन सम्राटाशी, त्याचा काय संबंध? पण यादी करणारे नाव ऐकून यादी करतात, चरित्र वाचून नव्हे. (नावं बदलण्याचा उद्योग मराठी वाचकाला नवा नाही, म्हणून हे जास्त सांगत बसत नाही.) पुढे अनेक दशकांनी शहराने या रस्त्यांवर जुनं नाव आणि बदलाचं कारण सांगणाऱ्या छोट्या पाट्या लावल्या. त्या चालत्या ट्राममधून दिसत नाहीत. पायीच फिरावं आणि खांबांच्या वरच्या टोकाकडे बघत जावं.

बाराव्या रस्त्याच्या आणि वॉलनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जर्मेनिया बिल्डिंग आहे, १८७७ ची. ही एका जर्मन विमा कंपनीची इमारत. दर्शनी भागावर कोनाड्यात एक स्त्रीमूर्ती उभी आहे. बांधली तेव्हा ती जर्मेनिया, म्हणजे जर्मन राष्ट्रदेवता होती. १९१८ मध्ये तिच्यावर अमेरिकेचं लॅटिन ब्रीदवाक्य चढवलं आणि तिला कोलंबिया, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रदेवता, म्हणायला सुरुवात केली. दगड तोच, बाई तीच. विमा कंपनीचं नाव ‘जर्मन म्युच्युअल’वरून ‘हॅमिल्टन म्युच्युअल’ झालं, आणि शहरातली जर्मन नॅशनल बँक लिंकन नॅशनल बँक झाली. मूर्ती नीट बघायची तर समोरच्या फुटपाथवरून, सकाळच्या उन्हात. दुपारी तिचा चेहरा सावलीत जातो.

वॉशिंग्टन पार्कच्या पश्चिमेला १८७८ चं म्युझिक हॉल. सिनसिनाटी सिम्फनी या वाद्यवृंदाचा संचालक एर्न्स्ट कुनवाल्ड हा ऑस्ट्रियन होता. अमेरिकेने ऑस्ट्रिया-हंगेरीशी युद्ध पुकारलं ७ डिसेंबर १९१७ ला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला अटक झाली. सोडलं, जानेवारीत पुन्हा पकडलं आणि जॉर्जियातल्या फोर्ट ओगलथॉर्प छावणीत पाठवलं. बॉस्टन सिम्फनीचा कार्ल मुकही मार्च १९१८ मध्ये पकडला जाऊन तिथेच आला. छावणीतल्या कैद्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. वाद्यं होती, वादक होते, आणि उभे करायला देशातले दोन पहिल्या रांगेतले संचालक! नगरच्या लोकांना यात ओळखीचं काही सापडेल: त्याच युद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातले आणि पूर्व आफ्रिकेतले जर्मन नागरिक अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते.

जेवायला फिंडले मार्केट. ‘गेटा’ नावाचा प्रकार घ्यावा. डुकराचं मांस आणि भरड ओट्स एकत्र शिजवून वडीसारखं थापतात आणि काप करून तव्यावर कुरकुरीत भाजतात. युद्धात सॉअरक्राउटला (आंबवलेल्या कोबीला) ‘लिबर्टी कॅबेज’ आणि हॅम्बर्गरला ‘लिबर्टी स्टेक’ म्हणायची टूम निघाली होती. गेटाच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही. बहुधा ते गरिबाचं खाणं असल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

संध्याकाळी जुन्या बिअरच्या कारखान्यांकडे चक्कर मारावी. त्यांच्या तळघरांत फेरफटका मिळतो, तिकीट आधी काढावं लागतं. मार्गदर्शक तळघरांची थंडी आणि पिंपांचे आकार रंगवून सांगतात, पण मुख्य धागा त्यात निसटतो. दारूबंदीवाल्यांना आणि जर्मनद्वेषाला एकमेकांचा उपयोग झाला. बिअरचे कारखानदार जर्मन, त्यांच्या पैशावर नॅशनल जर्मन-अमेरिकन अलायन्स ही संघटना दारूबंदीविरुद्ध लढत होती. तेव्हा बिअर म्हणजे कैसरचं हत्यार, असा प्रचार करणं सोपं झालं. संघटनेची सनद जुलै १९१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रद्द केली आणि दारूबंदीची घटनादुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली. मोअरलाइन हा इथला सगळ्यात मोठा कारखाना दारूबंदीत गेला.

दुसरा दिवस, बुधवार : सेंट लुई

३५० मैल, साडेपाच तास, इंडियानातून सपाट रस्ता. पहाटे सहाला निघावं. सेंट लुईत घड्याळ एक तास मागे जातं, तो तास पदरात पडतो.

फॉरेस्ट पार्कच्या उत्तरेला पर्शिंग ॲव्हेन्यू. १९१८ पर्यंत हा बर्लिन ॲव्हेन्यू होता. नवं नाव दिलं अमेरिकन फौजेचा सेनापती जॉन पर्शिंग याचं, आणि पर्शिंगचे पूर्वज जर्मन. आडनावाची मूळ जर्मन वळणं कधीच झिजली होती, म्हणून ते चाललं. एवढं एकच उदाहरण लक्षात ठेवलं तरी नामांतराचा तर्क समजतो: रक्त कुठलं हा प्रश्न नव्हता, कानाला कसं लागतं हा होता.

मग कॉम्प्टन हिलच्या जलाशयाजवळची ‘नेकेड ट्रुथ’ मूर्ती बघावी. ‘वेस्टलिखे पोस्ट’ या जर्मन दैनिकाशी नातं असलेले कार्ल शुर्त्स, एमिल प्रेटोरियस आणि कार्ल डेंत्सर या तिघा संपादकांच्या स्मरणार्थ ती बसवली. पुढे ज्याच्या नावाने पत्रकारितेचं पारितोषिक निघालं तो जोसेफ पुलित्झर याच पत्रात तयार झाला. अनावरण मे १९१४ मधलं, म्हणजे युरोपात युद्ध पेटण्याआधी साधारण दोन महिने. मोठा देणगीदार बिअरसम्राट अडॉल्फस बुश. चार वर्षांनी हीच मूर्ती बसवायची ठरली असती तर वर्गणी गोळा झाली नसती.

बुश कुटुंबाचा कारखाना दक्षिणेला सूलार्ड भागात आहे आणि बघायला मिळतो. अडॉल्फस १९१३ मध्ये वारला. त्याची विधवा लिली युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीत होती. जून १९१८ मध्ये ती फ्लोरिडातल्या की वेस्टला उतरली तेव्हा तिची अंगझडती घेतली गेली, कपडे उतरवून. वय सत्तरीच्या पुढे. तिची मालमत्ताही शत्रूच्या मालमत्तेच्या सरकारी रखवालदाराने ताब्यात घेतली होती आणि ती नंतर परत मिळाली. सेंट लुईच्या सर्वांत श्रीमंत घराची ही गत, मग एखाद्या बेकरीवाल्याची किंवा खाणकामगाराची काय असेल, हा प्रश्न उद्यासाठी.

संध्याकाळी बेट्स स्ट्रीटवरची सेंट मॅथ्यू दफनभूमी बघून घ्यावी. ज्या जर्मन खाणकामगाराला कॉलिन्सव्हिलच्या झुंडीने फासावर लटकवलं, तो रॉबर्ट प्रागर इथे आहे. दफनभूम्या अंधार पडायच्या आत बंद होतात, आणि खूण न विचारता शोधायला गेलं तर तासभर जातो. आधी कार्यालयात फोन करावा.

तिसरा दिवस, गुरुवार : कॉलिन्सव्हिल आणि एडवर्ड्सव्हिल

नदी ओलांडली की इलिनॉय. कॉलिन्सव्हिल वीस-बावीस किलोमीटरवर. वाटेत कहोकियाचे प्राचीन मातीचे ढिगारे आहेत, ते सोडू नयेत, पण आज वेळ गावाला द्यावा. गावाला ‘हॉर्सरॅडिशची राजधानी’ म्हणतात. मोहरीसारखं नाकात जाणारं हे मूळ (शेवग्याचं मूळ तसंच झणझणीत, म्हणूनच इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात) इथल्या गाळाच्या जमिनीत लावायला सुरुवात केली ती जर्मन शेतकऱ्यांनीच.

घटनाक्रम नीट लावून घेतला तर गाव पायी वाचता येतं. प्रागरचा जन्म ड्रेस्डेनचा, १८८८ चा. १९०५ मध्ये अमेरिकेत आला. आधी बेकरीत काम, मग उत्तरेला तीन मैलांवरच्या मॅरिव्हिलच्या कोळसा खाणीत. नौदलात भरती व्हायला गेला तर एक डोळा काचेचा म्हणून नाकारलं. खाणीत टिकायचं तर युनियनचं सभासदत्व लागे आणि युनियननेही नाकारलं: बोलणं समाजवादी, शिवाय जर्मन. चिडून त्याने युनियनच्या पुढाऱ्याविरुद्ध पत्रकं खाणीच्या आसपास चिकटवली. ही त्याची चूक, एवढीच. ४ एप्रिल १९१८ च्या संध्याकाळी खाणकामगारांचा घोळका त्याच्या घरी आला. बूट काढायला लावले, अंगाभोवती अमेरिकेचा झेंडा गुंडाळला आणि मुख्य रस्त्यावरून अनवाणी चालवलं.

इथे पोलीस मधे पडले आणि त्याला घेऊन टाउन हॉलमध्ये गेले. ती १८८५ ची इमारत अजून उभी आहे, मेन स्ट्रीटपासून दोन पावलांवर. समोर थांबून दारं मोजावीत. गर्दीने आत शोधायला परवानगी मागितली, ती मिळाली. प्रागर तळघरात रचून ठेवलेल्या सांडपाण्याच्या मातीच्या नळांमागे लपलेला सापडला. नगराध्यक्षाने गर्दी निवावी म्हणून गुत्ते लवकर बंद करवले होते. परिणाम उलटा झाला: प्यायलेली माणसं एकदम रस्त्यावर आली. तिथून गर्दी पश्चिमेला सेंट लुई रोडने टेकडीकडे गेली. टेकडी गावाच्या हद्दीबाहेर होती आणि गावच्या पोलिसांनी हद्दीबाहेर आपला अधिकार चालत नाही असं धरलं. रस्ता आजही तोच, सेंट लुईकडे उतरणाऱ्या कड्यावर जातो. झाड नाही. जागा ठरवायला लागलात तर दोन माणसं दोन ठिकाणं दाखवतील, त्यात वेळ घालवू नये.

आधी हात न बांधताच वर ओढलं. त्याने दोर धरला, म्हणून खाली सोडलं. तेव्हा त्याला ड्रेस्डेनमधल्या आईवडिलांना चार ओळी लिहू दिल्या: आज मला मरावं लागतंय, माझ्यासाठी प्रार्थना करा. मग हात बांधून पुन्हा. वेळ मध्यरात्रीनंतर साधारण साडेबाराची, म्हणजे तारीख ५ एप्रिल. सिनसिनाटीच्या परिषदेने रस्ते बदलले ते यानंतर चार दिवसांनी. त्याच महिन्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत हिंदू-जर्मन कटाच्या (जर्मनीच्या मदतीने हिंदुस्थानात उठाव करण्याच्या) खटल्याचा निकाल लागत होता आणि गदर पक्षाच्या रामचंद्रांना भर न्यायालयात गोळी घातली गेली. पिंगळे आणि खानखोजे या गदरमधल्या मराठी क्रांतिकारकांची नावं माहीत असलेल्यांनी हा एप्रिल एका पानावर मांडून बघावा.

दुपारी १५९ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला एडवर्ड्सव्हिल. मॅरिव्हिल वाटेतच. मॅडिसन काउंटीचं न्यायालय त्या वेळी नुकतंच बांधलेलं होतं आणि अजून वापरात आहे. आत जाताना सुरक्षा तपासणी असते. चाकू, कात्री गाडीत ठेवून जावं. अकरा जणांवर इथे खटला चालला. ज्युरी निवडायलाच बरेच दिवस गेले, शेकडो लोकांना बोलावून परत पाठवावं लागलं, कारण मत न बनवलेला माणूस सापडेना. न्यायाधीश बर्नरॉयटर, आडनाव बघा. त्यांनी प्रागर देशद्रोही होता का हा मुद्दा खटल्यात येऊ दिला नाही. आरोपी लाल-पांढऱ्या-निळ्या फिती लावून बसले होते. १ जून १९१८ ला ज्युरीने तासाभराच्या आत सगळ्यांना निर्दोष सोडलं.

झुंड एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला, असं चित्र डोक्यात घेऊन इथे आलं तर फसगत होते. प्रागरच्या खुनानंतर वॉशिंग्टनमध्ये असा युक्तिवाद झाला की लोक कायदा हातात घेतात कारण कायदा पुरेसा कडक नाही. १६ मे १९१८ ला देशद्रोही बोलण्याविरुद्धचा कायदा झाला: सरकार, झेंडा, गणवेश यांविषयी निष्ठाहीन शब्द काढले तर २० वर्षांपर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड. म्हणजे झुंडीला आवरायला झुंडीला जे हवं तेच सरकारने करायचं! राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी झुंडशाहीचा जाहीर निषेध केला तो २६ जुलैला, प्रागर जाऊन सोळा आठवडे झाल्यावर.

एडवर्ड्सव्हिलमध्येच काउंटीचं अर्काइव्ह आहे. जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर बघायची तर ४ ते ६ एप्रिल आणि २५ मे ते ३ जून १९१८ एवढ्या तारखा मागाव्यात. पूर्ण वर्ष मागितलं तर दिवस रिळं फिरवण्यात जातो.

चौथा दिवस, शुक्रवार : डॅव्हेनपोर्ट

२६५ मैल, चार तासांहून थोडे जास्त. जर्मन अमेरिकन हेरिटेज सेंटर वेस्ट सेकंड स्ट्रीटवर ७१२ क्रमांकाला, नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी, एका जुन्या जर्मन हॉटेलात आहे. बोटीतून उतरलेला माणूस पहिली रात्र इथे काढायचा. डॅव्हेनपोर्टचे जर्मन बरेचसे श्लेस्विग-होल्स्टाइनचे, १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर आलेले, म्हणजे डेन्मार्कच्या राजाला कंटाळून निघालेले. ७० वर्षांनी त्यांच्यावर कैसरचे हस्तक म्हणून संशय घेतला गेला.

आयोवाचा गव्हर्नर विल्यम हार्डिंग याने २३ मे १९१८ ला काढलेल्या हुकमाला ‘बॅबेल प्रोक्लमेशन’ म्हणतात. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, भाषणात आणि फोनवर फक्त इंग्रजी. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने प्रार्थना घरी करावी. हुकूम जर्मन भाषेपुरता नव्हता, सगळ्याच परक्या भाषांना होता. त्यामुळे डेनिश, नॉर्वेजियन, डच आणि चेकही अडकले. चेक लोक तर युद्धात अमेरिकेच्या बाजूने पैसा उभा करत होते. अंमलबजावणी फोनवर सोपी होती. तेव्हा गावाकडे एका तारेवर आठ-दहा घरं असायची, कुणीही रिसीव्हर उचलून दुसऱ्याचं बोलणं ऐकू शके. याच स्कॉट काउंटीतल्या लक्लेअर टाउनशिपमध्ये चार बायकांना फोनवर जर्मन बोलल्याबद्दल २२५ डॉलर भरावे लागले. ऐकणारी शेजारीण होती की कोण, हे तारेला माहीत. हुकूम ४ डिसेंबर १९१८ ला मागे घेतला गेला. ‘डेर डेमोक्राट’ हे १८५१ पासूनचं जर्मन दैनिक त्याआधी सप्टेंबरातच बंद झालं होतं. शूट्झन पार्क या जर्मनांच्या सहलीच्या बागेचं नाव ‘फॉरेस्ट पार्क’ केलं होतं. बाग शहराच्या पश्चिम टोकाला आहे, थोडीफार शिल्लक आहे, अर्धा तास पुरे.

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी डॅव्हेनपोर्टच्या मुख्य ग्रंथालयातल्या विशेष संग्रहात दोन तास काढावेत. १९१० आणि १९२० च्या जनगणनेचे तक्ते शेजारी ठेवून एकच घर बघायचं. नागरिकत्वाच्या रकान्यात तीन खुणा असतात: ‘एनए’ म्हणजे नागरिकत्व मिळालेला, ‘पीए’ म्हणजे पहिला अर्ज केलेला, ‘एएल’ म्हणजे परका. गोची मधल्या खुणेची. पहिला अर्ज करून पाच-दहा वर्षं झालेला माणूस स्वतःला अमेरिकन समजे. १९१७ च्या नियमांत तो शत्रूराष्ट्राचा नागरिकच. अशा सगळ्या १४ वर्षांवरच्या पुरुषांना फेब्रुवारी १९१८ मध्ये नोंदणी करावी लागली, शहरात पोलिसांकडे, खेड्यात पोस्टमास्तरकडे. सोबत फोटो, बोटांचे ठसे, नातेवाइकांची माहिती. मग मिळालेलं कार्ड सतत जवळ बाळगायचं आणि घर बदलायचं तर आधी परवानगी घ्यायची. जूनमध्ये बायकांची पाळी आली. १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जात असे. म्हणून आयोवातच जन्मलेल्या, जर्मनी नकाशावरही न बघितलेल्या बायका शत्रू म्हणून ठसे द्यायला रांगेत उभ्या राहिल्या. देशभर मिळून सुमारे ४,८०,००० जणांची नोंद झाली. छावण्यांत गेले ते त्यातले दोन हजारांच्या आसपास. हे नोंदणीचे अर्ज बहुतेक राज्यांचे नष्ट झाले आहेत. कॅन्ससचे मोठ्या संख्येने उरले आणि ऑनलाइन बघता येतात, फोटोसकट. आयोवातल्या आजोबांचा अर्ज मागून ग्रंथपालाला कोड्यात टाकू नये.

पाचवा दिवस, शनिवार : न्यू उल्म

सगळ्यात लांब टप्पा, ३८० मैलांच्या आसपास. पहाटे पाचला निघावं, तरच जुन्या पोस्टाच्या इमारतीतलं ब्राउन काउंटीचं संग्रहालय उघडं सापडेल. ही इमारत बाहेरूनच जर्मनीतल्या एखाद्या टाउन हॉलसारखी दिसते.

न्यू उल्मची गोष्ट इतरांहून वेगळी, कारण इथे लोकांनी उलट प्रश्न विचारला. २५ जुलै १९१७ च्या संध्याकाळी इथे हजारोंची सभा झाली. नगराध्यक्ष डॉ. लुई फ्रिट्शे, शहराचे वकील अल्बर्ट फेंडर आणि लुथरन कॉलेजचे प्राचार्य अडॉल्फ आकरमान बोलले. मागणी एवढीच: सक्तीने भरती केलेल्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध समुद्रापार पाठवू नये, अशी विनंती काँग्रेसकडे करावी. कायदा पाळा, नोंदणी करा, हेही त्याच सभेत सांगितलं गेलं. मिनेसोटाच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाला ते पुरलं. एप्रिल १९१७ मध्ये राज्याने या आयोगाला दहा लाख डॉलर आणि जवळजवळ अमर्याद अधिकार दिले होते. गव्हर्नर बर्नक्विस्ट यांनी फ्रिट्शे आणि फेंडर यांना आधी निलंबित केलं, वर्षअखेर पदावरूनच काढलं. आकरमान यांना कॉलेज सोडावं लागलं.

पुढचं मात्र वाचनालयात बसून शोधण्याजोगं: काढलेल्या नगराध्यक्षाला गावाने युद्ध संपल्यावर पुन्हा निवडून दिलं. लोकांनी काही विसरलं नव्हतं.

टर्नर हॉल (जर्मन व्यायाम मंडळाचं सभागृह), शेल ब्रुअरी (१८६०) आणि टेकडीवरचं हर्मन स्मारक अंधारापूर्वी होतात. स्मारक १०२ फूट, रोमनांना हरवणाऱ्या आर्मिनियसचं. आतला जिना चिंचोळा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. सिनसिनाटीत कोनाड्यातल्या बाईचं नाव बदललं, इथे तलवार उगारलेला जर्मन योद्धा गावाच्या डोक्यावर तसाच राहिला. फरक लोकसंख्येत होता. जिथे जर्मन बहुसंख्य, तिथे पाट्या टिकल्या आणि माणसं हटवली गेली.

सहावा दिवस, रविवार : लव्हर्न

१३५ मैल पश्चिमेला, रॉक काउंटी. बघायला फारसं काही नाही, लाल क्वार्टझाइट दगडाच्या इमारती सोडल्या तर. पण जॉन माइंट्स या शेतकऱ्यामुळे थांबावं. युद्धरोखे पुरेसे घेतले नाहीत असा त्याच्यावर आरोप. १९ ऑगस्ट १९१८ च्या रात्री तोंडं झाकलेल्या लोकांनी त्याला साउथ डकोटाच्या हद्दीवर नेलं, मारलं, अंगाला डांबर फासून पिसं चिकटवली आणि परत आलास तर फाशी देऊ असं बजावलं. त्याचे फोटो राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पाठमोरा एक, समोरून एक. ते पुरावा म्हणून काढलेले होते, कारण माइंट्स गप्प बसला नाही. त्याने ३२ जणांवर एक लाख डॉलरचा दावा लावला. पहिल्या न्यायालयात हरला. १९२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि शेवटी ६,००० डॉलरवर तडजोड झाली. डांबराबद्दल एक व्यावहारिक गोष्ट, जी फोटो बघताना कळत नाही: गरम डांबर कातडीला भाजतं आणि ते खरवडून काढताना कातडी निघते. हा विनोदी अपमानाचा प्रकार नव्हता.

रोख्यांची वर्गणी स्वेच्छेची म्हणवली जाई, पण स्थानिक समित्या प्रत्येक घराची ऐपत ठरवून आकडा लावत. कुणी किती दिले याची कार्डं असत. लव्हर्नसारख्या गावात ते कार्ड कुणाकुणाला माहीत होतं, हे सांगायला नको.

सातवा दिवस, सोमवार : हॅम्प्टन

३२० मैल, सू सिटी आणि ओमाहावरून. दोन्ही बाजूंना मका. हॅम्प्टन हे हॅमिल्टन काउंटीतलं लहानसं गाव. पेट्रोल महामार्गावरच भरून घ्यावं.

युद्ध संपलं तरी भाषेवरचा राग संपला नव्हता. नेब्रास्काने १९१९ मध्ये कायदा केला: आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज कुठलीही चालती भाषा शिकवायची नाही. लॅटिन, ग्रीक चालेल, कारण त्या बोलून कुणी कट करत नाही! इथल्या झायन लुथरन शाळेने वाट काढली. दुपारची सुट्टी वाढवली आणि एक ते दीड या वेळात जर्मन शिकवायचं ठेवलं, म्हणजे ते शाळेच्या तासांत मोडणार नाही. २५ मे १९२० ला काउंटीचा सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला. रॉबर्ट मायर हे शिक्षक दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलातल्या गोष्टी जर्मनमध्ये वाचून घेत होते. ते थांबले नाहीत. दंड २५ डॉलर.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला. मायर यांनी तो भरून विषय संपवला नाही. ४ जून १९२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नेब्रास्काचा कायदा रद्द ठरवला, आणि त्याबरोबर आयोवा व ओहायोतले तसेच कायदे पडले. विरोधी मतांत ऑलिव्हर वेंडेल होम्स होते, हे वाचून कायद्याच्या विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटतं. पण सिनसिनाटीत १८४० पासून चालत आलेलं जर्मन-इंग्रजी शिक्षण तोवर बंद पडलं होतं. पाठ्यपुस्तकं गेली होती, शिक्षक दुसऱ्या धंद्याला लागले होते, आणि घरात मुलं जर्मनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत होती.

ओमाहाचा विमानतळ इथून दोन तास. गाडी परत करण्याआधी टाकी भरलेली असावी, आणि वाटेत लिंकनला राज्य इतिहास संग्रहालय लागतं. सोमवारी उघडं आहे का, ते आधी फोन करून विचारावं.